वाहकाची साक्ष

विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्राझील, अर्जेंटिना किंवा चिलीतल्या इस्पितळात शागास आजाराचा संशय असलेला माणूस आला, की त्याच्या हातावर चार छोट्या डब्या पालथ्या बांधल्या जात. डब्यांच्या तोंडाला विरळ विणीचं कापड आणि प्रत्येकीत दहा ढेकूण. आपल्या खाटांमधल्या ढेकणांहून कितीतरी मोठे, प्रयोगशाळेत अंड्यापासून वाढवलेले आणि मुद्दाम उपाशी ठेवलेले. कापडातून सोंड घालून ते अर्धा तास रक्त पीत. मग रोगी घरी जाई आणि डब्या प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटात जात. साधारण महिन्याभराने एकेका ढेकणाचं पोट हलकेच दाबून निघालेला विष्ठेचा थेंब काचपट्टीवर घेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत. त्या थेंबात वळवळणारे परजीवी दिसले, की निदान पक्कं. माणसाच्या रक्तात शोधून न सापडलेली गोष्ट ढेकणाच्या आतड्यात सापडलेली असे.

या पद्धतीचं नाव झेनोडायग्नोसिस. रोग पसरवणाऱ्या कीटकालाच किंवा गोचिडीलाच, म्हणजे वाहकालाच, रोग शोधण्याच्या कामाला लावायचं, ही तिची मूळ कल्पना. ‘आता पीसीआरच्या जमान्यात ही कालबाह्य झाली’ असं एका ओळीत सांगून पाठ्यपुस्तकं पुढे जातात. ते मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सविस्तर सांगावं म्हणून हे पुस्तक लिहायला घेतलं.

आधी शागासचाच विषय पुरा करतो, कारण पद्धत तिथे जन्मली. ट्रिपॅनोसोमा क्रुझी हा या आजाराचा एकपेशीय परजीवी शरीरात शिरल्यावर पहिले काही आठवडे रक्तात मुबलक असतो. तेव्हा साध्या रक्ततपासणीतही तो दिसतो. मग शरीराची प्रतिकारशक्ती त्याला आवरते आणि तो हृदयाच्या, अन्ननलिकेच्या, मोठ्या आतड्याच्या स्नायूंत जाऊन बसतो. रक्तातली संख्या इतकी घटते, की काचपट्टीवरच्या थेंबात तो सापडणं निव्वळ नशिबावर राहतं. माणूस वीस-तीस वर्षं धडधाकट वावरतो आणि त्यातल्या काहींचं हृदय हळूहळू मोठं व्हायला लागतं. आज जगात सुमारे 70 लाख लोकांच्या अंगात हा परजीवी आहे असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

ढेकूण इथे दोन कामं करतो. काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब मावतो. चाळीस भुकेले ढेकूण मिळून काही मिलिलिटर रक्त पितात, म्हणजे शोधाचं क्षेत्रच शेकडो पटींनी वाढतं. दुसरं काम त्याहून मोठं आहे. ढेकणाचं आतडं हे या परजीवीचं हक्काचं घर. लाखो वर्षांच्या सहवासात दोघं एकमेकांना सरावलेले आहेत. पातेलंभर दुधात चमचाभर विरजण घालून ते रात्रभर उबेत ठेवावं, तसं दोन-चार परजीवींचं महिन्याभरात हजारोंमध्ये रूपांतर होतं. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पोषकद्रव्यापेक्षा हे आतडं काही वेळा सरस ठरलेलं आहे.

ही कल्पना सुचली कशी, हे समजायला 1909 सालच्या लासान्सेला जायला हवं. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात रेल्वेमार्गाचं काम चाललं होतं आणि मजुरांना हिवतापाने ग्रासलं होतं. त्याचा बंदोबस्त करायला कार्लोस शागास हा तरुण डॉक्टर तिथे पाठवला गेला. रेल्वेचा एक डबा हेच त्याचं घर आणि हीच प्रयोगशाळा. मातीच्या झोपड्यांच्या भेगांत राहून रात्री झोपलेल्यांच्या चेहऱ्यावर चावणारा ढेकूण त्याला तिथल्या एका इंजिनिअरने दाखवला. शागासने तो चिरून पाहिला, तर आतड्यात परजीवी. त्याने तसे ढेकूण रिओला आपल्या गुरूकडे, ओस्वाल्दो क्रुझ यांच्याकडे पाठवले. तिथे ते मार्मोसेट माकडांना चाववले गेले, माकडं आजारी पडली, त्यांच्या रक्तात परजीवी दिसला. त्यानंतर एप्रिल 1909 मध्ये लासान्सेतल्या दोन वर्षांच्या एका तापलेल्या मुलीच्या रक्तात शागासला तोच परजीवी सापडला. वैद्यकाच्या इतिहासात हा क्रम फार विरळा आहे: आधी वाहक, मग परजीवी आणि सगळ्यांत शेवटी आजार. ती मुलगी वाचली, म्हातारी झाली. 1962 आणि 1978 साली तिच्या शरीरातून तोच परजीवी पुन्हा वेगळा काढला गेला. जवळजवळ सत्तर वर्षं तो तिच्यात जिवंत होता.

शागासने ढेकणापासून सुरुवात करून माणसापर्यंत मजल मारली होती. फ्रेंच परजीवीशास्त्रज्ञ एमिल ब्रुम्प्त याने ही वाट उलटी चालून दाखवली. हा परजीवी ढेकणाच्या चाव्यातून नव्हे, तर चावताना ढेकूण त्वचेवर जी विष्ठा टाकतो तिच्यातून अंगात शिरतो, हे त्याने 1912 मध्ये दाखवलं. 1914 मध्ये त्याने सांगितलं, की स्वच्छ ढेकूण रोग्याला चाववा आणि नंतर ढेकूण तपासा.

‘स्वच्छ’ या शब्दात या पद्धतीची सगळी मेहनत आहे. ढेकणाच्या पोटात आधीपासून परजीवी असेल, तर निकाल खोटा ठरतो आणि त्याहून वाईट म्हणजे रोग्याला नवा संसर्ग होऊ शकतो. म्हणून हे ढेकूण कोंबडीच्या रक्तावर वाढवतात. पक्ष्यांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा क्रुझी तग धरत नाही, ते रक्तच त्याला फोडून टाकतं. शिवाय ढेकणाच्या आईकडून अंड्यात हा परजीवी उतरत नाही. या दोन गोष्टी नसत्या, तर ही पद्धत उभीच राहिली नसती. कुठल्या जातीचा ढेकूण वापरायचा हाही साधा प्रश्न नाही. एका भागातला परजीवी त्याच भागातल्या ढेकणात चांगला वाढतो, परक्या जातीत रुजत नाही, असं वारंवार दिसलं. डिपेटालोगॅस्टर ही मेक्सिकोतली आडदांड जात एका बैठकीत भरपूर रक्त पिते म्हणून संशोधकांची आवडती झाली.

आणि तरीही जुनाट शागासच्या रोग्यांपैकी निम्म्याहून कमी जणांतच एका फेरीत परजीवी सापडे. परजीवी दिसला तर शंका उरत नाही. न दिसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. महिनाभर वाट पाहा, काहींना चाव्यांची भयंकर ॲलर्जी होते, कितीतरी लोक ढेकूण पाहूनच नकार देतात. रक्तातले प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचण्या आल्या, पुढे पीसीआर आली, आणि रोजच्या निदानातून डब्या हद्दपार झाल्या. ते योग्यच झालं. अर्ध्या तासाच्या चाव्यांऐवजी सुईच्या एका टोचण्यात काम होत असेल, तर कुणाही रोग्याला डबी बांधायचं कारण नाही.

पण प्रतिपिंडांची चाचणी सांगते, की या शरीराची कधीतरी या परजीवीशी गाठ पडली होती. पीसीआर सांगते, की त्याचा जनुकीय अंश अजून इथे आहे. या माणसाला चावलेला कीटक परजीवी घेऊन उडेल का, तो परजीवी जिवंत असेल का, तो पुढे वाढेल का, हे दोन्हींपैकी एकही चाचणी सांगत नाही. रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न रोज पडत नसेल. गावातून, जिल्ह्यातून, देशातून रोग घालवायला निघालेल्या माणसाला मात्र याखेरीज दुसरा प्रश्न महत्त्वाचा नसतो, आणि त्याचं उत्तर फक्त वाहकाकडे असतं.

याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच देशात आहे. काळा आजार, म्हणजे लीशमानिया डोनोव्हानी या परजीवीचा संसर्ग. तो वालुमाशीतून पसरत असावा, ही शंका जुनी होती. 1924 मध्ये कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी काळ्या आजाराच्या रोग्यांना फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस जातीच्या वालुमाश्या चाववल्या आणि काही दिवसांनी माश्यांच्या आतड्यात परजीवी वाढलेले पाहिले. हे झेनोडायग्नोसिसच होतं, फक्त ते निदानासाठी नव्हतं, गुन्हेगार ओळखण्यासाठी होतं. तरी त्या माशीच्या चाव्याने निरोगी माणसाला रोग होतो हे सिद्ध व्हायला आणखी अठरा वर्षं गेली. संशोधकांच्या हाती माश्या मरत, परजीवी पक्व होण्याआधीच. रक्त पाजल्यानंतर माश्यांना बेदाण्यांचा रस दिला तर त्या जगतात आणि परजीवीही त्यांच्या घशापर्यंत दाटतात, हे स्मिथच्या ध्यानात आलं. त्या युक्तीच्या जोरावर 1942 मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी पाच स्वयंसेवकांना माश्या चाववून पाचही जणांत संसर्ग दाखवून दिला. गोड फळाचा रस हा एवढ्या मोठ्या शोधाचा कळीचा भाग होता, हे मला आजही विलक्षण वाटतं.

नंतर भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी काळा आजार संपवण्याचं ठरवलं, आणि मोठी अडचण समोर आली. या भागात आजारी पडलेल्या एका माणसामागे संसर्ग होऊनही ठणठणीत असलेली अनेक माणसं असतात. त्यांच्या रक्तात प्रतिपिंड असतात, काहींमध्ये परजीवीचा डीएनएही सापडतो. ही सगळी माणसं माश्यांना परजीवी पुरवत असतील, तर नुसत्या आजारी लोकांवर उपचार करून रोग जाणार कसा? आणि पुरवत नसतील, तर त्यांच्यामागे धावण्यात मनुष्यबळ कशाला घालवायचं? संपूर्ण मोहिमेची आखणी या एका प्रश्नावर अडली होती.

बिहारमध्ये मुझफ्फरपूरला त्यासाठी वालुमाश्यांची वसाहत उभी केली गेली. दोन-तीन मिलिमीटरची ही माशी पाळणं अतिशय कष्टाचं असतं. तिच्या अळ्या सशाच्या लेंड्या आणि खाद्य कुजवून केलेल्या खतावर वाढवाव्या लागतात, ओलावा थोडा जास्त झाला की बुरशी, थोडा कमी झाला की अळ्या वाळून मेल्या. माणसांना चाववायच्या म्हणून त्या पूर्ण रोगजंतूमुक्त असल्याची खातरजमा वेगळीच. 2016 ते 2019 या काळात तिथे स्वयंसेवकांच्या अंगावर प्रत्येकी तीस-पस्तीस माद्या अर्धा तास सोडल्या गेल्या. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काळ्या आजाराने आजारी असलेल्या 77 जणांपैकी 42 जणांनी माश्यांना परजीवी दिला. बरं झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्वचेवर चट्टे उठलेल्या 26 जणांपैकी 11 जणांनी दिला. लक्षणं नसलेल्या 180 हून अधिक जणांपैकी एकानेही दिला नाही.

त्या शून्याचं मोल मोठं आहे. एका भागातल्या एका अभ्यासाने सगळा वाद मिटत नाही हे खरं, तरी आजारी माणसाला लवकर शोधा आणि चट्टेवाल्यांना सोडू नका, ही दिशा त्याने स्पष्ट केली. हे चट्टे उठलेले लोक एरवी निरोगी असतात. त्यांना ताप नसतो, वेदना नसतात. चट्टे पुष्कळदा कोडासारखे किंवा कुष्ठाच्या डागांसारखे वाटतात, माणूस लाजेने झाकतो आणि शेतावर कामाला जातो. बांगलादेशात अशाच 47 जणांवर माश्या सोडल्या, तेव्हा 27 जणांनी परजीवी दिला. ज्यांच्या अंगावर गाठी होत्या त्यांचं प्रमाण फारच जास्त होतं, पण नुसते फिकट डाग असलेल्यांपैकीही साधारण एक तृतीयांश लोक माशीला परजीवी देत होते. उपचाराच्या रांगेत जो सर्वांत मागे उभा केला जातो, तोच साथीचा निखारा जपून ठेवतो, हे माशीने दाखवलं.

आफ्रिकेतल्या निद्रारोगाबद्दल 2016 मध्ये आलेल्या एका संशोधनाने याच्याही पुढची गोष्ट दाखवली. आपण परजीवी रक्तात शोधतो, कारण आपल्याकडे सुई आहे आणि ती शिरेत जाते. निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशी मात्र त्वचा फाडून तिथे जमलेलं रक्त पिते. प्रयोगातल्या उंदरांच्या रक्तात परजीवी दिसत नसतानाही त्यांना चावलेल्या माश्यांना तो मिळाला, कारण तो त्वचेत मुक्कामाला होता. मग संशोधकांनी काँगोतल्या लोकांचे, दुसऱ्याच रोगाच्या तपासणीसाठी काढून जपलेले त्वचेचे 1121 नमुने पुन्हा पाहिले. सहांमध्ये परजीवी निघाले. या लोकांना निद्रारोग असल्याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती. वाहकाने शोध कुठे घ्यायचा तेही शिकवलं.

संसर्ग कुठल्या प्राण्यात दडला आहे हेही वाहक सांगतो. स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा शहरात 2009 पासून लीशमानियाच्या एका प्रकाराची मोठी साथ आली. अशा साथीत नेहमीचा संशयित असतो कुत्रा. तिथल्या कुत्र्यांत मात्र संसर्गाचं प्रमाण बेताचंच होतं. शहरालगत नव्याने केलेल्या हिरव्या पट्ट्यात ससे भरमसाट वाढले होते. मोठ्या कानांचे ते रानससे पकडून त्यांना स्वच्छ वालुमाश्या चाववल्या, तर माश्यांना संसर्ग झाला. दिसायला पूर्ण निरोगी असलेला रानससा रोगाचं कोठार ठरला.

आता गोचिडीकडे. महाराष्ट्रातल्या दुधाळ जनावरांच्या मालकांना गोचीडताप परका नाही. थायलेरिया ॲन्युलाटा हा त्यामागचा परजीवी, आणि संकरित गाईंना तो विशेष जड जातो. बुपार्वाकोनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर गाय उठते, चारा खाते, दूध देऊ लागते. मालकाच्या लेखी ती बरी झाली. परजीवी मात्र कमी संख्येने तिच्या रक्तात राहू शकतो. अशी गाय पुढच्या गोचिडीला संसर्ग देते का हे ठरवण्याची रीत वेळखाऊ आहे: गाईच्या कानावर कापडी पिशवी चिकटवायची, आत प्रयोगशाळेतल्या स्वच्छ गोचिडींची पिल्लं सोडायची. रक्त पिऊन ती फुगून गळाली, की उबवणीत ठेवायची. कात टाकून ती प्रौढ झाली, की काही दिवस सशावर पोसायची, मग त्यांच्या लाळग्रंथी काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. गोचीड पिल्लाच्या वयात परजीवी घेते आणि पुढच्या वयात देते, म्हणून एवढी प्रतीक्षा. परिणामी बाजारातून नवी गाय आणणाऱ्यासाठी ‘बरी झालेली’ आणि ‘निर्धोक’ या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

अमेरिकेतल्या लाइम आजारावर या पुस्तकात फक्त एक छोटं प्रकरण आहे, कारण त्याचा जंतू जीवाणू आहे, परजीवींच्या रूढ व्याख्येत तो बसत नाही. तरी प्रयोग टाळता येण्याजोगा नव्हता. प्रतिजैविकं घेऊनही त्रास न थांबलेल्यांच्या अंगात जंतू उरतो का, हा तिथला कडवट वाद. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 36 जणांवर स्वच्छ गोचिडींची पिल्लं सोडली. दोघांच्या बाबतीत गोचिडीत जंतूचा डीएनए सापडला, जिवंत जंतू मात्र मिळाला नाही. वाद मिटला नाही, पण दोन्ही बाजूंना नेमकं काय सिद्ध करायचं आहे ते स्पष्ट झालं.

आतापर्यंत माणूस किंवा जनावर हातात होतं आणि त्याला चावणारा कीटक आपण आणत होतो. उलटही करता येतं: गावातले डास पकडायचे आणि गावाचं आरोग्य त्यांना विचारायचं. पॅट्रिक मॅन्सनने 1877 मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात आपल्या संसर्ग झालेल्या माळ्याला डास चाववले आणि डासाच्या पोटात हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं वाढताना पाहिली. कीटक माणसाच्या रोगाचा परजीवी वाढवतो हे पहिल्यांदा तिथे दिसलं. आज विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या जिल्ह्यांत हत्तीरोगाविरुद्ध वर्षानुवर्षं सामुदायिक औषधोपचार मोहिमा चालल्या आहेत. 2019 मध्ये नागपुरात तीन औषधं एकत्र देण्याचा नवा उपक्रमही सुरू झाला. मोहीम थांबवायची केव्हा? जंताची पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून पथकांना रात्री घरोघर जाऊन झोपलेल्या लोकांना उठवून बोट टोचावं लागतं. लोक कंटाळतात, आणि ते स्वाभाविक आहे. गटारावर अंडी घालायला आलेल्या क्युलेक्स डासांच्या माद्या सापळ्यात पकडून त्यांच्यात जंताचा डीएनए शोधला, तर कुणाची झोप न मोडता गावाचा अंदाज येतो. डासात डीएनए असणं म्हणजे तो डास रोग देईलच असं नाही. त्यातून एवढंच कळतं, की गावात कुणाच्या तरी रक्तात पिल्लं अजून आहेत. तेवढं कळणंही मोहीम थांबवायला निघालेल्या अधिकाऱ्याला पुरेसं असतं.

माकडताप किंवा चंडीपुरा हे आपल्या ओळखीचे आजार गोचीड आणि वालुमाशीशी जोडलेले असूनही या पुस्तकात नाहीत. ते विषाणूंचे आजार आहेत, त्यांची गणितं निराळी आहेत.

या सगळ्या संशोधनात कुणाचा तरी हात पुढे आलेला असतो. मॅन्सनचा माळी, 1897 मध्ये सिकंदराबादेत हिवतापाचा वाहक शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसकडून डासामागे एक आणा घेऊन डास चाववून घेणारा हुसेन खान, 1942 चे पाच स्वयंसेवक. मालकाने सांगितल्यावर माळ्याने नाही म्हटलं असतं का? आण्याची गरज नसती तर हुसेन खान बसला असता का? आज लेखी संमती असते, माश्यांची शुद्धता तपासली जाते, चाव्यांवर औषध दिलं जातं. तरी ज्यांच्या हातावर माश्या सोडल्या जातात ते आजही बऱ्याचदा गरीब मजूर असतात. म्हणून प्रत्येक प्रकरणात प्रयोग कुणी केला याच्याइतकंच तो कुणावर झाला हे लिहायचा मी आग्रह धरला आहे. जिथे नाव उपलब्ध नाही, तिथे निदान त्यांचं गाव, काम आणि परिस्थिती तरी.

शेवटची काळजी माश्यांच्या वसाहतींची आहे. बांगलादेशाने 2023 मध्ये काळ्या आजाराच्या निर्मूलनाची मान्यता मिळवली, भारतातही रुग्ण झपाट्याने घटले. रुग्ण घटले की निधी आटतो, आणि आधी बंद पडतात ते माश्या पाळणारे विभाग. वालुमाशीची वसाहत मोडली तर ती पुन्हा बसवायला पिढ्यांमागून पिढ्या वाढवाव्या लागतात, माश्या सांभाळणारे कुशल हातही पुन्हा घडवावे लागतात. चट्टेवाला रोगी उपचारानंतर नेमका किती दिवसांनी माशीला परजीवी देणं थांबवतो, एचआयव्हीसोबत काळा आजार असलेल्या माणसाचं काय, हे प्रश्न रुग्ण मोजकेच उरल्यावर अधिक निकडीचे होतात. त्यांची उत्तरं देणारी माशी तेव्हा पिंजऱ्यात जिवंत असायला हवी, आणि तिला रोज सकाळी ओलावा तपासून खाद्य देणाऱ्या तंत्रज्ञाची नोकरी कायम असायला हवी.